बारा कोसांवरचा पाइन

बारा कोसांवर भाषा बदलते, तसं युरोपातल्या एका पाइनचं नाव डोंगर ओलांडला की बदलतं. आल्प्सच्या जर्मनभाषक खोऱ्यांत तो 'लाट्शे', चेक लोकांत 'क्लेच', पोलंडच्या बाजूला 'कोसोजेविना', बल्गेरियात 'क्लेक'. पिरेनीजच्या फ्रेंच उतारावर त्याच्या उंच भावाला 'पँ आ क्रोशे' म्हणतात. त्याच्या शंकूच्या खवल्यांना बाहेर वळलेली आकडी असते, म्हणून आकडीवाला पाइन. तोच पर्वत ओलांडून स्पेनमध्ये उतरलं की तो 'पिनो नेग्रो', काळा पाइन होतो. नावाबरोबर झाडही बदलतं का, हा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञ अडीचशे वर्षं चघळत आहेत. गेल्या पन्नासेक वर्षांत तो जनुकशास्त्राच्या हाती गेला आणि उत्तर निघालं ते कोणत्याच पक्षाला पुरतं न मानवणारं.

आधी झाडाची ओळख. आपल्याकडच्या वाचकाला पाइन म्हटलं की हिमाचल-उत्तराखंडातला चीड आठवतो, सरळसोट आणि टर्पेंटाइनच्या वासाचा. सह्याद्रीत किंवा दख्खनच्या पठारावर पाइनची एकही मूळची जात नाही. पर्वतीय पाइनचं पूर्वेकडचं रूप, म्हणजे पायनस म्युगो, चिडापेक्षा कारवीच्या रानाची आठवण करून देणारं आहे. खोड असं नसतंच. बुंध्यापाशीच अनेक फांद्या फुटतात, जमिनीलगत आडव्या होतात आणि मग वर वळतात. माणसाच्या उंचीची ही जाळी एकदा दाट झाली की तिच्यातून वाट काढणं कठीण. हिवाळ्यात ती बर्फाखाली दबून राहते, वसंतात पुन्हा उभी होते. टाट्रा पर्वतात साधारण १५५० ते १८०० मीटरच्या पट्ट्यात तिचंच राज्य आहे. खाली स्प्रूसचं जंगल, वर नुसतं गवत आणि दगड. पश्चिमेकडचं रूप, पायनस अन्सिनाटा, मात्र एका खोडाचं चांगलं झाड आहे आणि पिरेनीजमध्ये वृक्षरेषा तेच आखतं. या दोघांच्या मधोमध, चेक प्रजासत्ताक, बव्हेरिया आणि पोलंडच्या दलदलींत, धड झाड नाही आणि धड झुडूपही नाही अशी मंडळी उभी आहेत. सगळा घोळ त्यांच्यामुळे झाला.

नामकरणाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो थोडक्यातच सोसवतो. व्हिचेंझाच्या अंतोनिओ तुर्रा यांनी १७६४ मध्ये म्युगोला नाव दिलं. पिरेनीज पायाखाली घालणारे रामों यांनी ओळखलेला अन्सिनाटा १८०५ मध्ये द कांदोल यांच्या ग्रंथातून छापला गेला. पुढे लिंक यांनी १८२७ मध्ये रोटुंडाटा आणि न्यूमन यांनी १८३७ मध्ये सुडेटन पर्वतातल्या स्तोवोवे डोंगरांवरून उलिजिनोसा, म्हणजे दलदलीतला पाइन, वेगळा काढला. त्यानंतर शंकू जरा वाकडा दिसला की नवी उपजात, पानाची लांबी जरा कमी भरली की नवा प्रकार, असा डझनावारी नावांचा पसारा झाला. १९८७ मध्ये डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टेन्सन यांनी तो आवरला. एकच जात म्युगो, तिच्या दोन उपजाती, पूर्वेची झुडपी आणि पश्चिमेची उभी, आणि दोघी भेटतात तिथला संकर म्हणजे रोटुंडाटा. ही मांडणी आजही पुष्कळांना मान्य आहे. पोलंडमध्ये मात्र नाही. कुर्निकच्या वृक्षशास्त्र संस्थेत क्रिस्तिना बोरातिन्स्का आणि अ‍ॅडम बोरातिन्स्की यांनी वर्षानुवर्षं सुईसारख्या पानांचे आडवे छेद घेतले, पर्णरंध्रांच्या रांगा मोजल्या, डिंकनलिकांची जागा पाहिली, शंकू मापले. त्यांच्या मापांत म्युगो, अन्सिनाटा आणि उलिजिनोसा वेगवेगळे पडतात. मापं खोटी नाहीत. पण जनुकं त्यांना साक्ष देतात का?

इथे पाइनने संशोधकांवर केलेला एक मोठा उपकार सांगायला हवा. पाइनच्या पेशीत वारसा तीन वाटांनी येतो. केंद्रकातली चोवीस गुणसूत्रं निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून. त्यात नवल नाही. पण हरितलवकाचा डीएनए पाइनमध्ये परागकणातून, म्हणजे बापाकडून येतो (बहुतेक फुलझाडांत तो आईकडून येतो). तंतुकणिकांचा डीएनए मात्र बीजांडातून, आईकडूनच. आपल्या भाषेत सांगायचं तर हरितलवक म्हणजे झाडाचं आडनाव आणि तंतुकणिका म्हणजे त्याचं आजोळ. आता पाइनच्या परागकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात. वाऱ्यावर तो दऱ्या ओलांडून दूरवर जातो. बी पंखवालं असलं तरी बहुतेक वेळा मूळ झाडापासून काही दशक मीटरांवर पडतं. म्हणजे आडनाव वाऱ्यावर फिरतं आणि आजोळ जागा सोडत नाही. एकाच झाडाच्या दोन कणिका तपासल्या की बाप किती दुरून आला आणि आई किती जवळची, हे वेगवेगळं वाचता येतं.

दुसरा उपकार बियांचा. पाइनच्या बीत गर्भाभोवती जो अन्नसाठा असतो तो केवळ आईच्या अर्ध्या गुणसूत्रसंचाचा बनलेला असतो, बापाचा त्यात अंशही नसतो. म्हणून एका बीतला अन्नसाठा आणि गर्भ वेगळे करून तपासले की आईने काय दिलं हे समोर येतं आणि वजाबाकी केली की बापाचं दान हाती लागतं. डीएनए वाचणं स्वस्त होण्याआधी, १९७० आणि १९८० च्या दशकांत, विकरांची रूपं जेलवर विलग करून वाचण्याचं तंत्र होतं. त्या काळात सूचीपर्णी झाडांवर जनुकशास्त्रज्ञ तुटून पडले ते या सोयीमुळे. हिमालयातल्या चिलगोजा पाइनच्या फोलातून जो दाणा आपण खातो, त्याचा पांढरा गर हाच तो आईचा अर्धा वाटा.

विकरांच्या त्या पिढीने एक गोष्ट पक्की केली: पर्वतीय पाइन आणि युरोपभर पसरलेला स्कॉट्स पाइन यांच्यात फरक आहे, पण दोघं चुलतभाऊ म्हणावेत इतके जवळचे आहेत. पर्वतीय पाइनच्या आपापसातल्या रूपांत तर फरक आणखी पुसट. आकडे बोलतात ते असे. एखाद्या झाडाच्या एकूण जनुकीय विविधतेपैकी किती भाग वस्त्यांच्या आत आहे आणि किती वस्त्यावस्त्यांत आहे, हे मोजायची पद्धत सेवॉल राइट यांनी घालून दिली. वाऱ्यावर परागण होणाऱ्या पाइनांत दुसरा भाग बहुधा दहा टक्क्यांच्या खाली राहतो. तुलनेसाठी, माणसाच्या बाबतीत १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी काढलेला आकडा असा होता की सुमारे ८५ टक्के विविधता एकेका समाजाच्या आतच असते. म्हणजे पाइनच्या एका उतारावरच्या पन्नास झाडांत जितकं वैविध्य आहे, त्यापुढे आल्प्स आणि कार्पेथियन यांच्यातला फरक म्हणजे पिठात मीठ.

मग पोलिश मंडळींनी मोजलेली ती पानं आणि ते शंकू कुठे गेले? कुठेच गेले नाहीत. दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि हेच या वादात वारंवार विसरलं जातं. जनुकशास्त्रज्ञ बहुधा अशा खुणा वाचतात ज्यांचा झाडाच्या जगण्याशी काही संबंध नसतो; त्या निवडीच्या चाळणीतून जात नाहीत. आडवं वाढावं की उभं, हे मात्र बर्फ आणि वारा ठरवतात आणि त्यासाठी मोजक्या जनुकांत बदल पुरतो. हजारो तटस्थ खुणा एकसारख्या आणि मोजकी कामाची जनुकं वेगळी, असं झाड असू शकतं. आडवेपण नुसतं हवामानाचं नाही, रक्तातलं आहे, याला पुरावा आहे. म्युगोचं बी मैदानातल्या बागेत लावलं तरी झुडूपच होतं; म्हणून तर जगभरच्या बागांत 'मॉप्स' आणि 'ग्नोम' या बुटक्या जाती विकल्या जातात.

हरितलवकाच्या डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्त तुकड्यांच्या खुणा हाती आल्यावर चित्र अधिक बारीक झालं. २०१० मध्ये मिरियम हॉयर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी पश्चिम युरोपातल्या वस्त्यांवरचा अभ्यास छापला. त्याचा निष्कर्ष माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचा कणा आहे: झाडाचं नाव काय आहे यापेक्षा ते कुठल्या डोंगरावर आहे, यावरून त्याचे नातेवाईक जास्त नीट ओळखता येतात. आल्प्समधला झुडपी म्युगो पिरेनीजमधल्या उभ्या अन्सिनाटापेक्षा वेगळा आहे खरा; पण आल्प्समधला उभा अन्सिनाटा त्याच आल्प्समधल्या म्युगोच्या शेजारघरचा वाटतो. जातीची सीमा पुसट, पर्वताची सीमा थोडी गडद. २०१३ मध्ये विटोल्ड वाखोव्याक आणि सहकाऱ्यांनी केंद्रकातल्या जनुकांचे क्रम वाचले, तेव्हाही भौगोलिक मांडणीच ठळकपणे पुढे आली. आणि २०२० मध्ये स्कॉट्स पाइन, म्युगो, अन्सिनाटा आणि उलिजिनोसा या चौघांसाठी मिळून सुमारे ५० हजार एकाक्षरी बदल एका झटक्यात वाचणारी चिप तयार झाली. पाइनचा जीनोम अजस्र असतो. अमेरिकेतल्या लोब्लॉली पाइनचा २०१४ मध्ये वाचलेला जीनोम सुमारे २२ अब्ज अक्षरांचा आहे, माणसाच्या सातपट. त्यापुढे ५० हजार खुणा म्हणजे समुद्रातून भरलेली घागर. पण पूर्वी वाटीभर पाण्यावर भागवावं लागत होतं.

पर्वतरांगांत फरक इतका थोडा का, याचं उत्तर हिमयुगात आहे, आणि नेहमी सांगितलं जाणारं उत्तर इथे उलटं लागू पडतं. ओक किंवा बीच यांची गोष्ट आपण अशी ऐकतो: सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी थंडी शिगेला होती, झाडं स्पेन, इटली आणि बाल्कनच्या दक्षिणेच्या कोपऱ्यांत तगून राहिली, हवा उबदार झाल्यावर पुन्हा उत्तरेला पसरली. पर्वतीय पाइनला थंडी मानवते. त्याला हिमयुगात डोंगर सोडून खाली उतरता आलं, पायथ्याच्या मोकळ्या जमिनीवर फैलावता आलं, दूरच्या भाऊबंदांच्या परागाशी मिसळता आलं. बर्फ वितळलं, खालच्या जमिनीवर उंच झाडांची जंगलं चढली आणि हा पाइन आपापल्या डोंगरमाथ्यावर कोंडला गेला. म्हणजे त्याच्यासाठी आजची ऊब हाच वनवास. आणि हा वनवास झाडाच्या हिशेबाने फार लांबला नाही. हिमयुग संपून साधारण ११,७०० वर्षं झाली. एक पिढी पन्नास वर्षांची धरली तर सव्वादोनशे-अडीचशे पिढ्या. लाखोंच्या संख्येने उभ्या असलेल्या झाडांत एवढ्या पिढ्यांत योगायोगाने फरक पडायला वाव थोडाच मिळतो.

जिथे संख्या लाखांत नाही, तिथे मात्र पडतो. स्पेनमधल्या दोन ठिकाणांकडे यासाठी पाहायला हवं. पिरेनीजच्या मुख्य धारेपासून दूर, इबेरियन पर्वतरांगेत, सेबोयेरा आणि त्याच्याही खाली तेरुएल प्रांतातला गुदार डोंगर. गुदार ही अन्सिनाटाची सर्वांत दक्षिणेकडची वस्ती. पिरेनीजपासून दोनशे किलोमीटरांहून दूर. डोंगराची उंची जेमतेम २००० मीटर. पिरेनीजमध्ये हाच पाइन २४०० मीटरपर्यंत सहज जातो, म्हणजे हवा तापली तर वर सरकायला तिथे जागा आहे. गुदारला डोक्यावर आभाळ आहे, डोंगर नाही. हरितलवकाच्या खुणांत गुदार आणि सेबोयेराच्या वस्त्या पिरेनीजपासून वेगळ्या उठून दिसतात.

'विविध' आणि 'वेगळं' या दोन शब्दांची गल्लत इथे फार होते. रेमी पेती आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातल्या २२ झाडाझुडपांची तुलना केली, तेव्हा सर्वाधिक विविधता दक्षिणेच्या आश्रयस्थानांत नव्हे तर मधल्या अक्षांशांवर सापडली, कारण वेगवेगळ्या आश्रयस्थानांहून आलेले वंश तिथे एकमेकांत मिसळले होते. दक्षिणेच्या वस्त्या मात्र सर्वांत वेगळ्या निघाल्या. गजबजलेल्या बाजारपेठेत दहा बोलीभाषा कानांवर पडतात. आडगावात एकच बोली असते, पण ती दुसरीकडे कुठे ऐकू येत नाही. संवर्धनाचा पैसा बाजारपेठेवर घालवायचा की आडगावावर? हाम्पे आणि पेती यांनी २००५ मध्ये मागच्या कडेच्या, म्हणजे उबदार टोकाच्या वस्त्यांची बाजू मांडली. मी त्यांच्या बाजूचा आहे. गुदारचे पाइन कमी आहेत म्हणून स्वस्त नव्हेत.

इतर रांगांबद्दल थोडक्यातच सांगता येईल. आल्प्स हा मोठा मिसळीचा प्रदेश. पश्चिमेची उभी आणि पूर्वेची आडवी रूपं तिथे गाठतात आणि सीमारेषा आखणारा दमतो. कार्पेथियन, टाट्रापासून रोमानियापर्यंत, बहुतांश म्युगोचाच. बाल्कनमध्ये दुर्मितोर, रिला, पिरिन अशी तुटक बेटं आहेत आणि त्यांचं आपापसातलं नातं उत्तरेपेक्षा गुंतागुंतीचं आहे. इटलीत अब्रुझ्झोचा मायेल्ला डोंगर हा अपेनाइन्समधला म्युगोचा मोठा गड. मेंढपाळी आटल्यावर तिथे झुडपं गवताळ माळ गिळत वर-खाली पसरताना दिसली आहेत. कार्पेथियन आणि बाल्कनमध्येही धनगरांनी कुरणासाठी हे रान पूर्वी जाळलं-तोडलं, त्याच्या पानांतून तेलही गाळलं. शेकडो वर्षांच्या या तोडणी-वाढीचा ठसा जनुकांत किती आहे, याकडे नमुने गोळा करणारे पुरेसं लक्ष देतातच असं नाही. आणखी एक अडचण: आडव्या फांदीला मातीत मुळं फुटतात, मग एकाच झाडाची दहा झुडपं होतात. अंतर न राखता डहाळ्या तोडत गेलं तर दहा नमुने निघतात आणि झाड एकच.

पण माझ्या मते आढाव्यात सर्वांत कमी बोललं जातं ते माणसाने हलवलेल्या बियांबद्दल. कर्कोनोशे पर्वतात म्युगो मूळचा आहे; पण १८९७ च्या मोठ्या पुरानंतर तिथे डोंगरउतारांवर झाडं लावण्याचा सपाटा लागला आणि बाहेरचं बी आलं. तिथून पूर्वेला येसेनिकी डोंगरात हा पाइन मूळचा नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो लावला गेला आणि आज डोंगरमाथ्यावरच्या दुर्मीळ गवताळ वनस्पतींवर चढून बसतो. वनखातं, निसर्गसंवर्धक आणि तो हिरवा देखावा आवडणारे फिरस्ते यांच्यात त्यावरून खटके उडतात. डेन्मार्कमध्ये १८६६ साली दालगास यांनी हीथ संस्था काढली आणि जटलंडच्या उजाड माळांवर स्प्रूसला आडोसा म्हणून हा पाइन लावला गेला. समुद्रसपाटीच्या त्या देशात आता तो आगंतुक तण ठरला आहे. न्यूझीलंडच्या कँटरबरी डोंगरांत धूप थांबवायला नेला, तिथेही तेच. उद्या एखादा संशोधक कर्कोनोशेच्या उतारावरून शंभर डहाळ्या आणून 'या रांगेचा जनुकीय ठसा' काढेल, तेव्हा त्यातला किती ठसा हिमयुगाचा आणि किती शतकापूर्वीच्या रोपवाटिकेचा, हे आधी वेगळं करावं लागेल.

आणि दलदलीतले ते मधले? स्तोवोवे डोंगरांतल्या बातोरुफच्या दलदलीत, जिथून उलिजिनोसाचं वर्णन झालं, तिथलं पाणी चर खणून काढून टाकलं गेलं. दलदल वाळली तशी स्प्रूस आत शिरली आणि पाइन आकसले. ही खरी जात, की म्युगो आणि स्कॉट्स पाइनच्या जुन्या मिलनातून आलेली रूपं, यावर अजून एकमत नाही. दलदल वाचवायला मात्र त्या निकालाची वाट पाहायची गरज नव्हती.

स्कॉट्स पाइनचा संबंध गुदारमध्येही येतो. तिथे अन्सिनाटाला वेढून स्कॉट्स पाइन मोठ्या संख्येने उभा आहे आणि दोघांच्या संकराच्या खुणा सापडल्या आहेत. आडनावाची गंमत इथे कामाला येते. बी अन्सिनाटाच्या शंकूतून निघालं, पण त्याच्या गर्भातलं हरितलवक स्कॉट्स पाइनचं असेल, तर बाप कोण हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही. वनखात्याला उद्या तिथल्या पाइनची रोपवाटिका करायची झाली, तर आकडीवाल्या शंकूतून निघालेलं प्रत्येक बी अन्सिनाटाचंच, हे गृहीत धरता येणार नाही. बापाकडून परकं ठरलेलं बी बाजूला काढायचं, की ज्या डोंगरावर आता वर चढायला जागाच उरली नाही तिथे खालच्या, उष्णता सोसणाऱ्या चुलत्याचं थोडं रक्त मिसळलेलं बरं म्हणून तेही रुजवायचं, यावर तिथल्या वनाधिकाऱ्याला एखाद्या शरदात, शंकू उघडायच्या आत, काहीतरी ठरवावं लागेल.